वरच्या फळीवरचा साचा

तिसऱ्या दिवशी सकाळी जोडेवाल्याच्या ध्यानात आलं की डाव्या टाचेतली पाचर झिजायला लागली आहे. खडकावर बसून त्याने टाचेवरून अंगठा फिरवला आणि अंदाज बांधला. फार तर अडीच हजार पावलं. त्यानंतर ही चाल दादाची राहणार नाही, आपली होईल. आणि आपली चाल या रानात ऐकू गेली की कारभार आटोपला.

आता हे रान कसलं, ते आधी सांगायला हवं. कुठेही बघा, कमरेएवढं गवत, अधूनमधून काळे खडक, आणि दर शंभर पावलांवर जमिनीत ठोकलेला एक लोखंडी खुंट. खुंट गुडघ्याएवढा, वरच्या टोकाला जाळी. सरकारी कागदात त्याचं नाव भलतंच लांबलचक होतं. लोक आपले त्याला 'कान' म्हणत. जमिनीवर पाऊल पडलं की कान ऐकायचा आणि पाऊल कुणाचं ते ओळखायचा. तोंड झाकता येतं, आवाज बदलता येतो, पण चाल कुठे टाकून जाणार? ती मेली आपल्याबरोबरच येते. प्रत्येकाची चाल दप्तरात नोंदलेली असायची, आणि पळालेल्याची चाल कानाने ओळखली की माग्या निघायचा.

माग्या म्हणजे वासराएवढं यंत्र. चार पाय, तोंड नाही. ते पळत नसे. थकणारच नसेल त्याने पळावं कशाला? ते नुसतं चालत राहायचं, आणि माणूस कधीतरी झोपतोच.

पकडलेल्याला तुरुंगातही टाकत नसत. त्याच्या गुडघ्यात खीळ बसवत. घरापासून कामापर्यंत आणि कामापासून घरापर्यंत, एवढीच पावलं नेमून दिलेली. एक जास्त पडलं की गुडघा जागच्या जागी अडकायचा. जोडेवाल्याच्या गल्लीत असे चौघे होते. त्यातला एक, कुलपं दुरुस्त करणारा, भर रस्त्यात अडकला आणि संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहिला. त्याच्या हातातली पिशवी धरायलासुद्धा कुणी पुढे झालं नाही, कारण धरणाऱ्याचंही नाव लिहून घेत. जोडेवाला तेव्हा दुकानाच्या दारात उभा होता. तोही पुढे झाला नाही. ती गोष्ट त्याला अजून खात होती, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

त्याने चोरून जोडे बनवायला घेतले. घालणाऱ्याला दुसऱ्याच्या चालीने चालायला लावणारे जोडे. टाचेत पाचर, अंगठ्याखाली पोलादी पट्टी, सोल एका बाजूला केसभर जाड. बस, एवढंच. लोकांना वाटतं चाल पायात असते. अर्धी असते. उरलेली अर्धी जोड्यात असते, आणि ती कळायला तीस वर्षं लोकांचे पाय मांडीवर घ्यावे लागतात.

पण चाल घ्यायची कुणाची? त्याचंही उत्तर दुकानातच होतं. गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा बनवून फळीवर ठेवायचा आणि गिऱ्हाईक वारलं की साच्याच्या अंगठ्याला काळा दोरा बांधून तो वरच्या फळीवर सरकवायचा, ही वडिलांपासूनची रीत. मेलेल्यांच्या चाली दप्तरातून पुसलेल्या असत, त्यामुळे त्यांचं पाऊल कानाला रानडुकराच्या पावलासारखंच. कोण कुठला, त्याला काही घेणंदेणं नाही. म्हणून जोडेवाला साचा घ्यायचा तो वरच्या फळीवरचाच. असे अकरा जोड गेले आणि अकरा माणसं हे रान ओलांडून कड्याच्या पलीकडे सुखरूप पोचली. मग कुणीतरी तोंड उघडलं, आणि बारावा जोड त्याला स्वतःसाठी रातोरात शिवावा लागला. त्याचा पाय पसरट. वरच्या फळीवरचा एकच साचा त्याला बसला, सख्ख्या भावाचा.

दादा हे कान ठोकायच्या कामावर होता. आठ वर्षांपूर्वी याच रानात, भर दुपारी, टोळीतल्या माणसांना 'आलोच' म्हणून गवतात शिरला तो परत आलाच नाही. सात वर्षं झाली की हरवलेला माणूस मेलेला धरतात, असा कायदा. सात वर्षं संपली त्या आठवड्यात जोडेवाल्याने शिडी लावली आणि दादाचा साचा दोरा बांधून वर नेला. वहिनीने खालून शिडी धरली होती. ती एक अक्षर बोलली नाही. त्याला वाटलं, बाईने मन घट्ट केलं.

कसलं घट्ट आणि कसलं काय.

पहिल्या दिवशी कुंपण ओलांडून तो जेमतेम शंभर पावलं आत आला असेल. शेजारचा कान खरखरला, आणि गवतातून, अगदी मांडीजवळून, वहिनीचा आवाज आला.

"अहो, थांबा ना. जिथे असाल तिथे बसून घ्या. मी येतेय. डोक्यावर काहीतरी घ्या, ऊन आहे."

जोडेवाल्याने गवत बाजूला करून पाहिलं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तो धडपडत पुढे निघाला, आणि शंभर पावलांवर पुढचा कान बोलला. तोच आवाज, तेच शब्द. "अहो, थांबा ना."

हरवलेल्यांची यादी वेगळी असते, हे त्याने ऐकलं होतं. हरवलेल्याच्या मागे माग्या पाठवत नाहीत. घरच्या माणसाचा निरोप साठवून ठेवतात, आणि ती चाल ऐकू आली की कान तो निरोप वाजवतात आणि घरी कळवतात. घरचं माणूस एकटंच पाठवतात, कारण हरवलेली माणसं अनोळखी तोंड दिसलं की बिथरतात. पण ती यादी सात वर्षांची. दादाचं नाव त्यातून केव्हाच निघालं असणार. हा जुना निरोप कुठेतरी अडकून राहिला असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती समजूतही फुटली. निरोपाच्या मागे बारीक टकटक ऐकू येत होती, ती त्याने कान देऊन ऐकली. ते त्याचंच शिवणयंत्र होतं. जुनं नव्हे, नवं, दर सातव्या टाक्याला अडखळणारं. ते दुकानात आणून वर्षसुद्धा झालं नव्हतं. म्हणजे वहिनी पलीकडच्या खोलीत उभी राहून निरोप नव्याने भरत होती आणि हा इकडे खाली मान घालून टाके घालत होता. तिने नाव काढू दिलंच नव्हतं. दरवर्षी जाऊन मुदत वाढवून आणत होती, आणि घरात कुणाला त्याचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. साचा वरच्या फळीवर गेला तेव्हा तो माणूस दप्तरात जिवंत होता. तीस वर्षांत जोडेवाल्याने फळीवर कधी शंका घेतली नव्हती. आताही घेतली नव्हती, आणि तिथेच तो फसला.

पुढचं त्याला लगेच कळलं. घरी खबर गेली असणार. वहिनी निघाली असणार.

जोडे काढावेत, तर अनवाणी पहिल्याच पावलाला माग्या. ठेवावेत, तर हा आवाज. दोन दिवस तो त्या आवाजातून चालला. धुकं दाट असलं की आवाज आधी येई आणि कान मागाहून दिसे. शंभर पावलं, "अहो, थांबा ना." पुन्हा शंभर, "अहो, थांबा ना." त्याला त्या बाईची दया येई, मग तिचा राग येई, मग स्वतःची लाज वाटे. रात्री तो कानात गवत कोंबून झोपला. आणि आणखी एक गोष्ट होत होती, ती त्याला मुळीच आवडली नव्हती. दादाचा उजवा गुडघा दुखायचा. आता त्याचा दुखायला लागला होता. उतार आला की पाय आपोआप डावीकडे वळत. हा वाट धरायचा सरळ, आणि बघायचा तर भलतीकडेच आलेला. दादाचं हे असंच होतं. लहानपणी टेकडीवरून उतरताना आई ओरडायची, अरे, सरळ उतर, ओढ्यात जाशील.

तर तिसऱ्या दिवशी सकाळी पाचर झिजलेली आणि कडा समोर दिसणारा. मधे अठराशे पावलं असतील. कड्यापलीकडे कान नाहीत, माग्या येत नाही. जोडेवाला उठला. धुकं विरळ होत होतं. एक कान मागे पडला, दुसरा पडला. तिसऱ्याने "अहो, थांबा ना" म्हटलं आणि मागून खोकला ऐकू आला.

साठवलेल्या निरोपात खोकला नव्हता.

त्याने मागे पाहिलं नाही. पन्नास पावलं तो तसाच चालला, मान खाली घालून. मागची बाई आता पळत होती. गवत सळसळत होतं, मधेच ती अडखळली, पुन्हा उठली. "अहो," ती ओरडली. खऱ्या घशातून आलेला आवाज, दम लागलेला, आनंदाने पार वेडावलेला. आठ वर्षांत जोडेवाल्याने तिला इतक्या आनंदात ऐकलं नव्हतं.

बाकी काहीही सोसता आलं असतं, पण ते नाही. आपण असेच कड्यापलीकडे गेलो तर ही बाई जन्मभर म्हणत राहील की माझा नवरा माझी हाक ऐकूनही निघून गेला. तो थांबला आणि वळला.

वहिनी वीस पावलांवर होती. पायात घरातल्या चपला, त्यानेच शिवलेल्या, एक तुटलेली. हातात पिशवी, पिशवीतून दादाच्या स्वेटरची बाही बाहेर आलेली. तिने त्याचं तोंड पाहिलं. मग त्याचे जोडे पाहिले. मग पुन्हा तोंड पाहिलं. आणि ती हळूच खाली बसली.

"भावजी," ती म्हणाली.

"हो वहिनी. मीच."

"चाल त्यांची होती."

"जोडे त्याच्या साच्यावरचे आहेत. मला वाटलं त्याचं नाव निघालंय. मला खरंच ठाऊक नव्हतं."

वहिनीने तुटकी चप्पल काढली. तिच्या टाचेतून रक्त येत होतं. जोडेवाल्याला जवळ जाऊन तो पाय हातात घ्यावासा वाटला, पण धीर झाला नाही.

"दोन दिवस चालतेय मी," ती म्हणाली. "वाटेत सगळं ठरवून आले. आधी ओरडायचं नाही. आधी जेवू घालायचं, मग विचारायचं कुठे होता म्हणून. डबासुद्धा आणलाय. आता तो डबा कुठे घालू, ते सांगा."

"ओरडा माझ्यावर."

"तुमच्यावर ओरडून काय मिळणार आहे? निदान मला सांगून तरी साचा घ्यायचा."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत, मुदत वाढवताय म्हणून?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मला वेड्यात काढलं असतं."

हे खरं होतं.

तेवढ्यात त्यांच्यामधला कान खरखरला. या वेळी आवाज वहिनीचा नव्हता. कुणा कारकुनाचा असावा, सरळ, सभ्य, झोपाळू. "नातेवाईक पोचल्याची नोंद झाली आहे. हरवलेली व्यक्ती हीच का? ओळख पटली असल्यास होय म्हणा. तीनदा विचारलं जाईल. उत्तर न आल्यास अथवा नाही म्हटल्यास तपासणी पाठवली जाईल."

तपासणी म्हणजे माग्या. दोघांनाही ते माहीत होतं.

"होय म्हटलं तर काय होतं?" जोडेवाल्याने विचारलं.

"माणूस सापडला, म्हणून नाव काढून टाकतात. पुन्हा घालता येत नाही. एकदा सापडलेला माणूस पुन्हा सापडत नाही म्हणे." वहिनीने पदराने तोंड पुसलं. "मग ते खरंच कुठे चालत असले, तरी त्यांना कुणी थांबा म्हणणार नाही."

"तर मग नाही म्हणा. माझं मी बघून घेईन. कडा जवळच आहे."

"किती जवळ?"

"पंधराशे पावलं."

"आणि माग्या येतो कुठून?"

 माग्या दर हजार पावलांवर एक असा ठेवलेला असतो, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

"हरवलेली व्यक्ती हीच का?" कानाने दुसऱ्यांदा विचारलं.

"त्या कुलूपवाल्याला मी पाणी पाजलं होतं," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी. तुम्ही दारात होतात, मी मागच्या गल्लीतून गेले. तांब्या त्याच्या तोंडाला लावला तर तो ढसाढसा रडला. नुसतं पाणी पाजलं म्हणून. मला तुम्हाला तसं बघायचं नाहीये."

"वहिनी, आठ वर्षं झाली. माझ्यासाठी तुम्ही..."

"मला मोजता येतात वर्षं."

"हरवलेली व्यक्ती हीच का?"

तिने पिशवी छातीशी धरली.  

"होय," ती म्हणाली. "हेच ते."

"अभिनंदन," कान म्हणाला. "नोंद बंद करत आहोत. सर्व खुंटांपर्यंत सूचना पोचायला थोडा वेळ लागेल." आणि खट् करून गप्प झाला.

वहिनी रडली नाही. ती डब्याचं झाकण उघडून बसली आणि म्हणाली, या, दोन घास खाऊन घ्या, पुढे कुठे मिळणार आहे. जोडेवाला तिच्यासमोर बसला. त्याचा हात डब्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

दरीत उतरणाऱ्या याच उतारावर, पार खाली, कुणीतरी बोललं.

"अहो, थांबा ना."

दोघंही हलली नाहीत. जोडेवाला त्या बाजूला फिरकलासुद्धा नव्हता. दोन्ही पाय त्याच्या डोळ्यांसमोर होते, गवतात पसरलेले, स्थिर.

"...बसून घ्या. मी येतेय. डोक्यावर काहीतरी घ्या, ऊन आहे."

मग शांतता. शंभर पावलं चालायला जेवढा वेळ लागतो तेवढी. आणि मग, जरा खालच्या अंगाला, पुन्हा. "अहो, थांबा ना. जिथे असाल तिथे..." जोडेवाला मनातल्या मनात पावलं मोजत होता. उजवं लांब, डावं आखूड, गुडघा दुखणाऱ्या माणसाची. तिसरा कान बोलायला लागला. "अहो, थां..."

तिथेच तुटला. सूचना पोचली होती. रान एकदम मुकं झालं.

वहिनी उभी राहिली होती. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"बिघाड असेल," जोडेवाला म्हणाला. "पावसाने आत पाणी जातं, मग ते आपोआप..."

"पाऊस कुठे आहे?"

पाऊस नव्हता. आणि बिघाड असता तर आवाज एकाच जागी आला असता. पण त्याला दुसरंच काहीतरी टोचत होतं, जोडेवाल्यालाच टोचेल असं. आठ वर्षांत सोल झिजतात, टाच बसते, माणसाची चाल बदलते. आणि तिकडे जे कुणी चालत होतं, त्याची चाल आठ वर्षांपूर्वी नोंदलेल्या चालीशी तंतोतंत जुळली होती. जोडे न झिजवता आठ वर्षं कोण चालतं? हे त्याने वहिनीला सांगितलं नाही. 

"तुम्ही जा," वहिनी म्हणाली. "आता तुम्हाला कुणी अडवणार नाही. पाचर टिकतेय तोवर जा." ती तुटकी चप्पल हातात घेऊन उतरायलाही लागली.

"वहिनी, तिकडे काय आहे, आपल्याला माहीत नाही."

"कान नाही बोलणार तर मी बोलेन. मला काय तोंड नाही?"

जोडेवाला कड्याकडे निघाला. खोटं कशाला बोला, तो निघालाच. शंभर पावलं गेला. दोनशे गेला. वाटेतला कान मुकाट उभा होता. खालून वहिनीची हाक येत होती, खरीखुरी, दर थोड्या वेळाने. "अहो, थांबा ना." आवाज सरळ खाली, दरीच्या तळाकडे चालला होता, ओढा डाव्या अंगाला टाकून. ती सरळ जात होती. जो नुसता आवाजाच्या रोखाने जाईल तो सरळच जाईल.

तीनशे पावलांवर त्याचा उजवा गुडघा ठणकला आणि तो थांबला. कडा समोर होता, त्याच्यावरची झुडपंसुद्धा वेगवेगळी दिसत होती. पाचरीची अठराशे पावलं शिल्लक, त्यातली बाराशे लागणार. सोपं होतं. तीन दिवस दादाचे पाय पायात घालून फिरल्यावर उतारावर दादा कुठे जातो, हे या जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस उलट्या दिशेला तोंड करून उभा होता. कुलूपवाल्याची पिशवी त्याने धरली नव्हती.

तो वळला. उतार लागताच पाय आपणहून डावीकडे गेले. या खेपेला त्याने त्यांना सरळ केलं नाही. टाचेखाली पाचर कुरकुरत होती, आणि तो प्रत्येक पाऊल मोजत होता.

"वहिनी," त्याने वरून हाक दिली. "सरळ नका जाऊ. डावीकडे, ओढ्याकडे. तो डावीकडेच वळतो."